राजा रविवर्मा यांची बडोद्यातील चित्रे : मागणी आणि निर्मिती

मागणीवरून केलेले चित्र दुय्यम, असे कलासमीक्षेत पुष्कळदा गृहीत धरले जाते. राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांच्या बडोद्यातील कामाच्या संदर्भात हे गृहीतक तपासून पाहणे उचित ठरेल. १८८१ मध्ये सयाजीराव गायकवाड यांना राज्याधिकार मिळाले, त्या सुमारास रविवर्मा बडोद्यास आले व त्यांनी राजघराण्यातील व्यक्तिचित्रे रंगविली. व्यक्तिचित्रात साम्य, पोशाख, अलंकार यांबाबत चित्र काढवून घेणाऱ्याचाच शब्द अखेरचा. मात्र १८८८ मध्ये १४ पौराणिक चित्रांचे काम मिळाले, तेव्हा प्रश्न निराळा होता. दमयंतीने किंवा मत्स्यगंधेने नेसावे काय? महाराजांनाही याचे तयार उत्तर ठाऊक असणे शक्य नव्हते. रविवर्मा आपले धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांच्यासह उत्तर भारतात हिंडले, वेषभूषा न्याहाळल्या आणि अखेर बहुतांशी साडीवर स्थिरावले. (राजराज वर्मा यांचा या कामातील वाटा आपण सहसा विसरतो, त्यांची पुढील काळातील इंग्रजी रोजनिशी अवश्य वाचावी.) मोबदला ५०,००० रुपये ठरला होता. १८९० मध्ये पूर्ण झालेली ही चित्रे पाहण्यास बडोदे व मुंबई येथे सामान्य लोकांनी गर्दी केली. १८९४ मध्ये रविवर्मांचा शिळाछापखाना मुंबईत सुरू झाला आणि दरबारासाठी शोधलेला तो वेष छापील चित्रांतील लक्ष्मी-सरस्वतींच्या अंगावर घरोघरी पोहोचला.