शर्यत चौघांची, जोखीमही चौघांची

व्यापाराच्या पानावर शर्यतीची हकीकत कशासाठी, असे काही वाचक विचारतील. उत्तर सरळ आहे. आपल्यातील किती तरी धंदे भागीदारीत चालतात. दोन भाऊ मिळून दुकान काढतात, मेहुणे-मेहुणे माग टाकतात, उस्ताद आणि त्याच्या हाताखाली तयार झालेला कारागीर वर्कशॉप चालवतात. या भागीदाऱ्या पैशाच्या टंचाईने मोडतात, तशाच एकमेकांपासून गोष्टी लपवल्यानेही मोडतात. भागीदारीची ही कसोटी थोड्या दिवसांत लावणारा एक खेळ जगात आहे. त्याची तयारी कशी होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

नियम काय आहे?

सप्टेंबर २०१९ मध्ये फिजी बेटांवर इको-चॅलेंज ही शर्यत झाली. ३० देशांचे ६६ संघ, ६७१ किलोमीटर अंतर आणि ११ दिवसांची मुदत. शिडाची होडी, वल्हवणे, डोंगरी सायकल, जंगलातील पायपीट, बांबूचा तराफा, दोरावरून कडा चढणे असे टप्पे एकामागून एक येतात. घड्याळ रात्रीही थांबत नाही. झोप किती घ्यायची हे संघाने ठरवायचे. वाट नकाशा आणि होकायंत्र यांवर शोधायची.

फ्रान्सच्या जेरार फ्यूझिल यांनी १९८९ मध्ये न्यूझीलंडमध्ये अशा धर्तीची शर्यत भरवली होती. त्यावरून मार्क बर्नेट यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात इको-चॅलेंज सुरू केली.

खरी मेख नियमात आहे. संघ चौघांचा, आणि त्यात स्त्री व पुरुष दोन्ही हवेत. चौघांनी वाट बरोबरच कापायची. एकाने माघार घेतली की चारही जण शर्यतीतून बाद.

गोव्यात ऑक्टोबर २०१९ मध्ये आयर्नमॅन ७०.३ ही शर्यत पहिल्यांदा झाली. तिच्यात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते. हे तीन भाग तिघांनी वाटून घेण्याची सोयही तिच्यात आहे. ते झाले अंगावर काम घेण्यासारखे. आपला नग पुरा केला की आपण मोकळे. इको-चॅलेंज मात्र पक्की भागीदारी आहे. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ याच्या कलम २५ प्रमाणे पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार इतरांसह आणि एकटाही जबाबदार असतो. शर्यतीचा नियम याच जातीचा आहे.

तयारी कशी करतात?

पहिले काम शरीराचे नसते, बोलणीचे असते. आपल्याला जिंकायचे आहे की सुखरूप शेवट गाठायचा आहे, हे चौघे आधीच ठरवतात. एकाच्या मनात बक्षीस आणि दुसऱ्याच्या मनात नुसता अनुभव असेल, तर तिसऱ्या रात्री भांडण ठरलेले. खर्चाचा वाटा, नकाशा कोणाकडे, तो थकला तर पुढे कोण, सायकलची दुरुस्ती कोणाला येते, औषधाची पेटी कोण सांभाळणार, हेही तेव्हाच ठरते.

मग महिनोन्‌महिने मेहनत. सराव हळूहळू वाढवतात. एकदम वाढवला तर गुडघे आणि घोटे धरतात. आठवड्यातले छोटे सराव ज्याने त्याने आपल्या सवडीने करायचे, मोठा सराव मात्र चौघांनी एकत्र. सायकलवरून उतरून लगेच धावणे, पाठीवर पूर्ण ओझे घेऊन चालणे, रात्री दिव्याच्या उजेडात नकाशा वाचणे, न झोपता चोवीस तास काढणे, हे सारे आधी करून पाहतात. भूक लागण्याची वाट न पाहता घड्याळ लावून खाण्याची सवय करतात. शर्यतीपूर्वीचे दोनेक आठवडे काम कमी करून अंगाला विसावा देतात.

संघाची चाल सर्वांत मंद गड्यावर ठरते. म्हणून त्याला टोमणे मारत नाहीत, त्याच्या पाठीवरचे ओझे काढून घेतात. दमदार गडी कमरेला लवचीक दोर बांधून दमलेल्याला ओढतो. ही ओढ घेण्यात कमीपणा मानायचा नाही, याचाही सराव करावा लागतो. आज ओढणारा उद्या ओढला जातो, हे सगळ्यांना ठाऊक असते.

लपवले की बुडाले

सर्वांत कठीण शिस्त सांगण्याची आहे. पायाला फोड आला, ताप वाटला, पोटात अन्न ठरत नाही, तर ताबडतोब सांगायचे. पहिल्या तासात फोडाला पट्टी पुरते. दुसऱ्या दिवशी तोच फोड चौघांचे वर्षाचे कष्ट आणि भरलेले पैसे घेऊन बुडतो.

आजार हा येथे पोकळ धाक नाही. २००० साली बोर्निओतील सबा येथे झालेल्या शर्यतीनंतर अनेक स्पर्धकांना लेप्टोस्पायरोसिस झाला. चौकशी केलेल्या १८९ जणांपैकी ८० जणांत त्याची लक्षणे आढळली, आणि नदीच्या पाण्याशी त्याचा संबंध जोडला गेला. पावसाळ्यात मुंबई-कोकणात साचलेल्या पाण्यातून होणारा हाच रोग आहे.

फिजीत न्यूझीलंडचा संघ सुमारे सहा दिवसांत पहिला आला. त्याचे कप्तान नेथन फाआवाए होते. भारताकडून ताशी आणि नुंग्शी मलिक या डेहराडूनच्या जुळ्या बहिणींचा खुकुरी वॉरियर्स हा संघ उतरला होता. मे २०१३ मध्ये या दोघींनी बरोबरीने एव्हरेस्ट सर केले होते.

आपल्या धंद्याला लागू

कायद्याचे कलम ९ सांगते की भागीदारांनी एकमेकांशी इमानाने वागावे, खरा हिशेब द्यावा आणि पेढीसंबंधी पूर्ण माहिती द्यावी. म्हणजे फोड लपवू नये. एखाद्याने परस्पर उधारी दिली असेल, व्यापाऱ्याचा चेक परत आला असेल, घरच्या अडचणीसाठी गल्ल्यातून रक्कम उचलली असेल, तर पहिल्या दिवशी सांगावे. ऐकणाऱ्यानेही आधी रागावू नये, आधी ओझे वाटून घ्यावे. सांगणाऱ्याला शिक्षाच मिळणार असेल, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

आमची व्यापारी आणि कारागीर बंधूंना सूचना इतकीच. करारपत्र लेखी करा. किती वाढायचे आणि कुठे थांबायचे, हे त्यात आधी लिहा. आठवड्यातून एकदा वही उघडून सर्व भागीदारांनी एकत्र बसा. धंदा तेजीत असताना ही सवय लागली, तरच मंदीत ती उपयोगी पडते.