पावसाळ्यात शिंगरू कसं जपावं?

बकऱ्यांमागे फिरणाऱ्या आपल्या माणसांचा सारा संसार घोड्याच्या पाठीवर असायचा. भांडीकुंडी, वाड्याची जाळी, दमलेली कोकरं, कधी लेकरूसुद्धा! आज बरीच घरं निपाणी, चिकोडी, बेळगाव परिसरात स्थिरावली आहेत. तरीही ज्यांच्याकडे घोडी आहे, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घोडी साधारण ११ महिने गाभण असते. गेल्या भाद्रपदात गाभ राहिला असेल, तर ती ऐन श्रावणात विते.

जुलै-ऑगस्टमध्ये बेळगावात रात्री पारा २० अंशांच्या आसपास असतो. एवढा गारवा कोरड्या अंगाचं शिंगरू सोसतं. घात होतो तो ओल, वारा आणि रिकामं पोट एकत्र आल्यावर. कोरड्या केसांत ऊबदार हवा धरून राहते. केस भिजून अंगाला चिकटले की ती ऊब जाते. शिवाय नवजात शिंगराच्या अंगात चरबी फारच कमी असते.

पहिले काही तास
घोडीला शिंगरू चाटू द्यावं आणि आपणही कोरड्या फडक्याने ते चोळून पुसावं. निरोगी शिंगरू तासाभरात उभं राहतं आणि २ तासांत आचळाला लागतं. पहिला चीक लवकरात लवकर पोटात गेला पाहिजे. रोगाशी लढायची ताकद त्यातूनच मिळते आणि २४ तासांनंतर आतडी ती घेऊ शकत नाहीत.

जागा आणि अंथरूण
आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे आडोसा त्या बाजूला पक्का हवा. पण जागा पूर्ण कोंडू नये. मुताचा उग्र वास आणि शेकोटीचा धूर छातीला बाधतो. खाली भाताचं पिंजर किंवा उसाचं कोरडं पाचट जाड पसरावं आणि ओलं झालेलं रोज काढावं. बुरशी आलेलं वापरू नये. तंबाखूच्या काड्या तर अजिबात नकोत. शिंगरू दिसेल ते चघळतं आणि तंबाखू विषारी असते.

घोंगडी
लोकर ओलसर झाली तरी ऊब देते, म्हणून घोंगडी उत्तम. मात्र आधी अंग पुसावं, मगच ती घालावी. दोरी पायात अडकणार नाही असं पाहावं. आत हात घालून बघावं. घाम असेल किंवा घोंगडी भिजून जड झाली असेल, तर काढावी.

धोक्याची खूण
तोंडात स्वच्छ बोट घालून पाहावं. तोंड आतून गार लागलं किंवा शिंगरू बोट चोखत नसेल, तर ताबडतोब पशुवैद्यांना बोलवावं. नवजात शिंगराचं तापमान साधारण ३७.२ ते ३८.९ अंश सेल्सिअस असतं. डॉक्टर येईपर्यंत ते कोरडं ठेवावं आणि गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून अंगालगत ठेवाव्यात. गारठलेल्या शिंगराच्या तोंडात दूध ओतू नये, ते फुप्फुसात जातं.

झडीच्या रात्री एकदा उठून शिंगराच्या पाठीवरून हात फिरवावा. अंग कोरडं आणि पोट भरलेलं असेल, तर निर्धास्त झोपावं.