रस्त्याखालचा निचरा-थर

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांच्या पश्चिम भागात भातलावणीपूर्वी खाचरांत चिखलणी केली जाते. बांधाने पाणी अडवायचे, त्यातच ढेकळे फोडायची आणि माती व पाणी असे एकजीव करायचे की पाणी खाली मुरणे जवळजवळ थांबावे. अनेक ठिकाणी या खाचरांना लागूनच डांबरी रस्ता जातो. त्याच्या पोटात पाणी साचले, तर वाहनांची चाके तेथेही चिखलणीच करतात. ती दिसत नाही एवढेच.

रस्त्याचे बळ डांबरात असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः वाहनांचा भार अखेर खालच्या जमिनीवरच येतो आणि ती कोरडी असेल तरच तो पेलते. स्कॉटलंडचे रस्तेबांधणीतज्ज्ञ जॉन मॅकॲडम (1756–1836) यांच्या पद्धतीचा हाच पाया होता. जमिनीवर दाबलेला मुरूम, त्यावर खडी आणि सर्वांत वर डांबर, अशी सामान्यतः रचना असते. खडीचे तुकडे एकमेकांत अडकून घर्षणाने भार वाहतात. मधल्या फटी पाण्याने भरल्या की चित्र पालटते. पाणी जवळजवळ दाबले जात नाही; चाक आले की त्याचाच दाब वाढतो, तुकड्यांची पकड सैल होते आणि बारीक माती पाण्यासह भेगांतून वर फेकली जाते. पावसाळ्यात डांबरी भेगेभोवती दिसणारा मातकट डाग ही पुष्कळदा त्याचीच खूण असते. आत पोकळी होते, आधार सुटलेले डांबर तडकते आणि खड्डा पडतो. ‘पावसाने रस्ता उखडला’ हे विधान म्हणूनच अर्धे खरे आहे.

हे पाणी केवळ वरून येत नाही. भोरहून महाडकडे उतरणारा वरंध घाट पाहा. सह्याद्रीचा बेसाल्ट थरांथरांचा आहे. डोंगरात मुरलेले पाणी खडकाच्या भेगांतून आणि दोन थरांच्या सांध्यांतून सरकत कापलेल्या कड्याशी बाहेर पडते, काही वेळा पाऊस उघडल्यावरही. त्यातले काही थेट रस्त्याखाली शिरते. तेथे पृष्ठभागाचा उतार आणि उघडे गटार पुरे पडत नाही.

यासाठी डांबराखाली निचरा-थर घालतात. त्यात जाड खडी अधिक आणि बारीक माती अत्यल्प असते, म्हणून पाणी फटींतून वाहू शकते. त्याला बाजूच्या गटाराकडे उतार देतात. मातीचे कण वर चढून फटी बुजवू नयेत म्हणून खाली गाळणीसारखा थर किंवा जिओटेक्स्टाईल कापड घालतात. मात्र हा थर गटारापर्यंत उघडा निघाला पाहिजे. साइडपट्टी चिकण मातीने भरून त्याचे तोंड बंद केले, तर रस्त्याखाली पाण्याने भरलेले खाचरच तयार होते. अशा थरापेक्षा तो नसलेलाच बरा, असे म्हणावेसे वाटते.

मराठीतील क्रियापदांकडेही येथे लक्ष द्यावे. मुरणे, झिरपणे, पाझरणे यांतून पाण्याचा शिरकाव वा संचार कळतो. पाणी निघून जाण्याचा अर्थ ‘निचरा होणे’ यातच आहे. ‘मुरूम टाकला आहे, पाणी मुरेल’ या आश्वासनात नेमका हाच भेद हरवतो.

थर चालू आहे की नाही, हे मोठी सर उघडल्यानंतर पाहता येते. रस्ता वरून सुकल्यावरही त्याच्या कडेतून गटारात पाणी ठिबकत असेल, तर वाट मोकळी आहे. कड कोरडी आणि मधल्या भेगा मात्र ओलसर असतील, तर साइडपट्टीची माती उकरून थराचे तोंड शोधावे लागते.