छापून आलेले औषध शोधावे कसे?

गेल्या आठवड्यात मधुमेहाचे एक जुने रुग्ण दवाखान्यात आले. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे पाहा जी डॉक्टरसाहेब, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञायनं शोध लावला म्हणते. या पाल्याच्या रसानं शुगर मुयासकट जाते. मंग गोया बंद करू काय?"

गोळ्या मुळीच बंद करू नका, असे सांगून मी त्यांना बसवून घेतले आणि तो शोधनिबंध संगणकावर शोधला. पाच मिनिटांत सापडला. निबंध खरा होता. पण प्रयोग उंदरांवरचा होता. माणसाला तो रस कुणी दिलाच नव्हता!

वाचकहो, असे निबंध शोधण्याची जागा सर्वांना खुली आहे. जगभरातील डॉक्टर आपले प्रयोग व अनुभव वैद्यकीय नियतकालिकांत छापतात. त्या लेखांची सूची जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली 'इंडेक्स मेडिकस' या नावाने सुरू केली. तिचे जाडजूड खंड २००४ पर्यंत छापले जात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९९७ साली हीच माहिती 'पबमेड' या नावाने इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत केली. आज तीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. ती पाहायला डॉक्टर असावे लागत नाही.

या सूचीचे मोल मला फार उशिरा कळले. १९९६ साली मेळघाटच्या पायथ्याशी एका गावात मी नुकताच दवाखाना टाकला होता. पावसाळ्यातील एका रात्री विंचू चावलेल्या आठ वर्षांच्या मुलाला त्याचे वडील खांद्यावर घेऊन आले. अंगाला दरदरून घाम, हातपाय गार. मला ठाऊक होती ती इंजेक्शने मी दिली. पहाटे त्याला दम लागला, तोंडाला फेस आला. अमरावतीला नेताना वाटेतच तो गेला.

दोन वर्षांनी नागपुरातील एका ग्रंथालयात इंडेक्स मेडिकसचे जुने खंड चाळताना 'विंचू' या शब्दाखाली मला एक नोंद दिसली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा 'लॅन्सेट'मधील निबंध, साल १९८६. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध विंचूदंशात हृदयावर होणाऱ्या परिणामांवर उपयोगी पडते, असे त्यात होते. तो छापून आला तेव्हा मी शाळेत होतो. म्हणजे त्या रात्री ते औषध छापून दहा वर्षे झाली होती. मला ते ठाऊक नव्हते आणि शोधावे कसे हेही येत नव्हते. दोष माझाच.

आता शोधायचे कसे ते पाहू.

पहिली गोष्ट, अख्खे वाक्य लिहू नये. रोगाचे आणि औषधाचे नाव, असे दोनच शब्द इंग्रजीत लिहावेत. नुसते 'विंचू' लिहिले तर हजारो नोंदी येतात; सोबत 'प्राझोसिन' लिहिले की कामाच्या तेवढ्याच उरतात.

दुसरी गोष्ट, चाळणी लावावी. माणसांवरचेच अभ्यास दाखवा, मोफत पूर्ण वाचता येणारेच दाखवा, असे तिथे सांगता येते. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणारा लेख, म्हणजे 'रिव्ह्यू', आधी वाचावा. एकट्यादुकट्या निबंधापेक्षा तो अधिक भरवशाचा.

तिसरी गोष्ट, सारांश वाचताना तीन प्रश्न विचारावेत: प्रयोग कुणावर झाला, किती जणांवर झाला, आणि तुलना कशाशी केली?

चौथी गोष्ट, साल पाहावे. १९८६ वर थांबलो असतो तर पुढचे कळले नसते. २०११ साली डॉ. बावस्करांचाच निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. ३५ रुग्णांना नुसते प्राझोसिन आणि ३५ जणांना प्राझोसिनसोबत विंचवाच्या विषावरील लस दिली होती. दहा तासांत पहिल्या गटातील ८ जण पूर्ण बरे झाले, दुसऱ्या गटातील ३२. जुने औषध खोटे ठरले नाही, त्याला जोड मिळाली.

मात्र सूचीत नाव आले म्हणजे ते वेदवाक्य झाले, असे समजू नये. मागाहून चुकीचे ठरून मागे घेतलेले निबंधही असतात. तशी सूचना नोंदीवर असते. आणि निबंध वाचून स्वतःच औषध सुरू वा बंद करणे तर धोक्याचेच. प्राझोसिनने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. सारांशाचा कागद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे. डॉक्टरांनीही त्यात अपमान मानू नये. मी तरी मानत नाही.

आणि विंचू चावल्यावर उलट्या, घाम, हातपाय गार पडणे यांपैकी काहीही दिसले, तर मंत्र-तंत्र, पाला-लेप यांत वेळ न दवडता रुग्णाला तडक जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. अशा वेळी शोधत बसू नये. शोधण्याचे काम आम्हा डॉक्टरांनी आधीच केलेले असायला हवे.