मुख्याध्यापक आणि सहशिक्षकांचा उत्साह

नव्याने रुजू झालेला शिक्षक पहिली दोन वर्षे सर्वांआधी शाळेत येतो, परिपाठ उत्साहाने घेतो, शाळा सुटल्यावर मागे राहून कच्च्या मुलांकडून वाचन करून घेतो. तिसऱ्या वर्षी तोच शिक्षक घंटेला येऊ लागतो व घंटेला जाऊ लागतो. तो आळशी झाला, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पुष्कळदा तो आळशी झालेला नसून आतून थकलेला असतो, आणि या दोहोंतील भेद ओळखणे हे मुख्याध्यापकाचे काम होय.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात या थकव्याला स्थान दिले आहे. मात्र त्यास रोग न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटले आहे. दीर्घकाळ चाललेला व नीट हाताळला न गेलेला कामाचा ताण हे तिचे कारण. शक्ती सरणे, कामापासून मन दुरावून कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही घडत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे. शाळेत दुसरे लक्षण लवकर दिसते. ‘ही मुले सुधारायची नाहीत’ हे वाक्य पूर्वी मुलांसाठी झटणाऱ्या शिक्षकाच्या तोंडी वारंवार येऊ लागले, की मुख्याध्यापकाने सावध व्हावे.

हा ताण बहुधा चांगल्या शिक्षकावरच अधिक पडतो. ज्याचे अक्षर चांगले त्याच्याकडे अहवाल, ज्याला संगणक येतो त्याच्याकडे सर्व ऑनलाइन माहिती, ज्याला गाता येते त्याच्याकडे स्नेहसंमेलन. चालत्या बैलालाच पराणी टोचण्याचा हा प्रकार आहे. वर्षारंभी सर्व कामांची यादी भिंतीवर लावून वाटणी सर्वांसमक्ष केली, आणि माहिती भरण्याचे काम दरवर्षी फिरते ठेवले, तर निम्मी कुरबुर तेथेच थांबते. ज्याला ते काम येत नाही, त्याला ते शिकण्याची संधीही मिळते.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती-निवारण व निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामासाठी शिक्षकास नेमता येत नाही. त्याच अधिनियमाच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास सांगितले आहेत, आणि त्यांत पाठाच्या तयारीचे तासही धरले आहेत. ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. तयारी हेही कामच असेल, तर वेळापत्रकात तिला जागा हवी. द्विशिक्षकी शाळेत हे कठीण खरे. एक शिक्षक बैठकीस गेला की दुसऱ्याकडे सारे वर्ग येतात. म्हणून अशा शाळेत कागद पोहोचवण्यासारख्या कामाकरिता शिक्षकास केंद्रावर धाडणे टाळावे, व अटळ फेऱ्या आलटूनपालटून कराव्यात.

उत्साह वाढविण्यासाठी निकालावर बक्षीस ठेवावे, असे काहींना वाटते. इंग्लंडमध्ये १८६२ साली शाळांचे अनुदान मुलांच्या उपस्थितीशी आणि वाचन, लेखन व गणित यांच्या परीक्षेशी जोडले गेले. परिणामी शिक्षक तपासनिसापुरते घोकून घेऊ लागले. स्वतः शाळा-तपासनीस असलेले मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या पद्धतीवर कडक टीका केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती मोडीत निघाली.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्झबर्ग यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे दोनशे अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखती होत्या. काम साधल्याचा आनंद, त्याची दखल आणि जबाबदारी यांनी त्यांना हुरूप आला होता. असमाधान मात्र बहुतांशी नियम, देखरेख व कामाची परिस्थिती यांतून उद्भवले होते. हिशेबनिसाचा अनुभव शिक्षकास जसाच्या तसा लावू नये. तथापि वेतन मुख्याध्यापकाच्या हाती नसले, तरी दखल त्याच्या हाती आहे. ‘छान काम’ एवढे म्हणणे ही दखल नव्हे. वर्गात दहा मिनिटे बसून, गेल्या महिन्यात अडखळणारी मुलगी आज जोडाक्षरे वाचते, हे नेमके पाहून सांगणे ही दखल होय.

थकलेला शिक्षक दिसलाच, तर त्यास प्रथम एकांतात विचारावे व एखादे काम तात्पुरते काढून घ्यावे. ते काम कोणते असावे, हे त्यालाच सांगू द्यावे. पुष्कळदा तो अपेक्षेहून लहान काम सांगतो. झोप, भूक किंवा घरचे स्वास्थ्य बिघडलेले दिसल्यास तालुक्याच्या रुग्णालयातील डॉक्टरांचा सल्ला घेण्यास सुचवावे, रजेचा अर्ज अडवू नये, आणि त्याच्या वर्गाची व्यवस्था तो गावाबाहेर पडण्यापूर्वीच लावून द्यावी.