सिमकार्डाचा पिन : चार आकड्यांचे कुलूप

मोबाईल सेवेत दोन गोष्टींची खात्री करावी लागते. जोडणी मागणारा फोन कोणत्या ग्राहकाच्या खात्यावर आहे, ही पहिली. तो फोन आत्ता त्याच ग्राहकाच्या हातात आहे का, ही दुसरी. पहिली खात्री सिमकार्डातील गुप्त किल्लीमुळे होते. दुसरीसाठी पिन असतो, म्हणजे ग्राहकाने लक्षात ठेवायचा चार ते आठ आकड्यांचा क्रमांक. टपालाचा सहा आकडी पिनकोड पाकिटावर ठळक लिहायचा असतो. हा पिन मात्र कोठेच लिहायचा नसतो.

पहिल्या पिढीच्या जाळ्यांत या दोन्ही गोष्टींची व्यवस्था कच्ची होती. १९७९ मध्ये टोकियोत, १९८१ मध्ये स्वीडन व नॉर्वेत आणि १९८३ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या सेवा अ‍ॅनालॉग पद्धतीच्या होत्या. अमेरिकी पद्धतीत फोन आपला दूरध्वनी क्रमांक आणि कारखान्यात दिलेला अनुक्रमांक उघडपणे रेडिओलहरींवरून पाठवत असे. योग्य रेडिओयंत्र असलेल्या चोराला ही जोडी हवेतूनच टिपता येई. ती दुसऱ्या फोनमध्ये भरली की त्या फोनवरच्या कॉलचे बिल मूळ ग्राहकाकडे जाई. १९९०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील काही कंपन्यांनी कॉल करताना पिन दाबण्याची सक्ती केली. पण तो पिनही त्याच लहरींवरून जात असल्याने चिकाटीच्या चोराला तोही ऐकता येत असे. गुपित हवेतून पाठवायचेच नाही, हा धडा पुढच्या पिढीच्या रचनेत उतरला.

ती रचना म्हणजे जीएसएम. तिच्यासाठी युरोपातील टपाल व दूरसंचार प्रशासनांनी १९८२ मध्ये समिती नेमली आणि १९८७ मध्ये कोपनहेगन येथे १३ देशांनी करारावर सह्या केल्या. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडचे माजी पंतप्रधान हॅरी होल्केरी यांनी रेडिओलिन्या कंपनीच्या जाळ्यावरून टाम्पेरे शहराच्या उपमहापौर कारिना सुओनिओ यांना कॉल केला; तो पहिला जीएसएम कॉल मानला जातो. ग्राहकाची ओळख फोनमधून काढून वेगळ्या कार्डात ठेवणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य. पश्चिम जर्मनीच्या ‘सी-नेत्झ’ या अ‍ॅनालॉग जाळ्यात ग्राहककार्डाचा प्रयोग आधीच झाला होता. म्युनिकच्या गीझेके अँड डेव्हरिएन्ट कंपनीने रेडिओलिन्याला पहिली ३०० सिमकार्डे पुरवली. मूळ सिमकार्ड बँकेच्या कार्डाएवढे, सुमारे ८६ मिलिमीटर लांब होते. आजचे सर्वात छोटे कार्ड १२.३ मिलिमीटर लांब आणि ८.८ मिलिमीटर रुंद असते.

सिमकार्डात १२८ बिटांची गुप्त किल्ली असते. तिची दुसरी प्रत फक्त कंपनीच्या प्रमाणीकरण केंद्रात असते. फोन जोडणी मागतो तेव्हा जाळे त्याला एक यादृच्छिक संख्या पाठवते. कार्ड ती संख्या आणि किल्ली यांवर ठरावीक गणित करून उत्तर परत करते. केंद्रही तेच गणित करते आणि दोन्ही उत्तरे जुळली की जोडणी मिळते. प्रश्न व उत्तर हवेतून जातात. किल्ली कार्डाबाहेर पडत नाही. १९९८ मध्ये संशोधकांनी यातील एका प्रचलित गणितपद्धतीची कमजोरी दाखवून दिली. कार्ड हातात असेल, तर त्याला हजारो प्रश्न विचारून उत्तरांवरून किल्ली काढता येत होती. पुढे ती पद्धत बदलण्यात आली. पिन चालू असलेले कार्ड मात्र योग्य पिन मिळाल्याशिवाय अशा प्रश्नांना उत्तरच देत नाही.

पिन तपासण्याचे काम फोन करत नाही, कार्ड करते. फोन फक्त दाबलेले आकडे कार्डाकडे पोचवतो. कार्ड ते आपल्या स्मृतीतील पिनशी ताडून पाहते आणि चुकीच्या प्रयत्नांचा हिशेब ठेवते. योग्य पिन मिळाला की हिशेब पुन्हा नव्याने सुरू होतो. लागोपाठ तीन प्रयत्न चुकले की कार्ड अडते आणि ८ आकडी पक (अडलेला पिन उघडण्याचा) क्रमांक मागते. पकही १० वेळा चुकला तर कार्ड कायमचे निकामी होते. तेव्हा नवे कार्ड घ्यावे लागते. कंपनी जुना मोबाईल क्रमांक त्याला जोडून देते.

बहुतेक पिन चार आकडी असण्यामागे बँकांची परंपरा आहे. २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एनफिल्ड भागात बार्कलेज बँकेचे रोकडयंत्र सुरू झाले. त्याचे निर्माते जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म शिलाँगचा. त्यांच्या मनात सहा आकडी क्रमांक होता, पण पत्नी कॅरोलाइन यांनी आपल्याला चारच आकडे लक्षात राहतील असे सांगितल्याने तो चार आकडी झाला, असे ते सांगत.

चार आकड्यांचे १०,००० क्रमांक होतात. सर्व सारख्याच प्रमाणात निवडले गेले, तर तीन प्रयत्नांत पिन ओळखण्याची शक्यता १०,००० मध्ये ३ एवढीच राहील. प्रत्यक्षात माणसे सोयीचे आकडे निवडतात. २०११ मध्ये डॅनियल अमिते या प्रोग्रामरने आपल्या अ‍ॅपमधील सुमारे दोन लाख चार आकडी कुलूपक्रमांक तपासले. त्यांत १२३४ पहिला आणि ०००० दुसरा होता. २५८० हाही पहिल्या दहांत होता, कारण बटणांच्या मधल्या उभ्या रांगेवरून बोट सरळ खाली आणले की तो उमटतो. सर्वाधिक वापराच्या दहा क्रमांकांनी मिळून १५ टक्के वाटा व्यापला होता. २०१२ मध्ये निक बेरी यांनी इंटरनेटवर फुटलेल्या ३४ लाख चार आकडी पासवर्डांचे विश्लेषण केले. १२३४, ११११ आणि ०००० या तीन क्रमांकांचाच वाटा १८ टक्क्यांहून अधिक निघाला. सर्वात दुर्मीळ क्रमांक ८०६८ होता.

तारखांचा मोहही अनेकांना होतो. केंब्रिजच्या जोसेफ बोनो व सहकाऱ्यांच्या २०१२च्या अभ्यासात बँकेच्या सुमारे २३ टक्के ग्राहकांनी पिनसाठी कोणती तरी तारीख वापरल्याचे सांगितले. त्यांतील जवळपास एक तृतीयांश लोकांनी स्वतःची जन्मतारीखच घेतली होती. जन्मतारीख असलेले ओळखपत्र बहुधा त्याच पाकिटात असते. म्हणून चलाख चोराला ११ ते १८ चोरलेल्या पाकिटांमागे एक पिन सापडेल, असा त्यांचा हिशेब होता. आकडे वाढवल्यानेही फारसे साधत नाही. प्रयत्नांवर मर्यादा असताना लोकांनी निवडलेला सहा आकडी पिन चार आकडीपेक्षा विशेष सुरक्षित ठरत नाही, असे २०२०च्या एका जर्मन-अमेरिकी अभ्यासात आढळले. सहा आकडे मागितले की पुष्कळजण १२३४५६ निवडतात. म्हणूनच या कुलपाचे खरे बळ आकड्यांच्या संख्येपेक्षा तीन प्रयत्नांच्या मर्यादेत आहे.

भारतात मोबाईल सेवा सुरू झाली ती थेट जीएसएमवरच. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीतील दूरसंचारमंत्री सुखराम यांना पहिला कॉल केला आणि त्याच वर्षी मुंबईतही सेवा सुरू झाली. त्यामुळे मोबाईल आणि सिमकार्ड हे दोन्ही शब्द मराठीत एकदमच रुळले. पिनची सवय मात्र लागली नाही. येथे सिमकार्ड सहसा पिन बंद ठेवूनच हाती येते. पडद्याला कुलूप असलेला फोन चोरीला गेला, तरी असे सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येते आणि बँकेचे ओटीपी तेथे येऊ लागतात. सिमचा पिन ही वाट अडवतो. मात्र खोटी कागदपत्रे देऊन कंपनीकडून त्याच क्रमांकाचे नवे कार्ड मिळवणाऱ्या ठगाला तो रोखू शकत नाही, कारण पिन कार्डाचा असतो, मोबाईल क्रमांकाचा नव्हे.

पिन चालू करण्याची सोय फोनच्या सुरक्षा सेटिंगमध्ये असते. आधी कंपनीने दिलेला मूळ पिन घालावा लागतो. बहुतेकदा तो १२३४ किंवा ०००० असल्याने लगेच बदलणे आवश्यक असते. नवा पिन जन्मतारीख, लग्नाची तारीख, गाडीचा क्रमांक किंवा बटणांवरची सरळ रेघ यांपैकी काही नसावा. चिठ्ठ्या टाकून काढलेले चार आकडे यासाठी सर्वात चांगले. पक क्रमांक फोनपासून वेगळा, घरी लिहून ठेवावा. मूळ पिन ठाऊक नसेल, तर अंदाजाने आकडे दाबून तीन प्रयत्न वाया घालवण्याऐवजी कंपनीकडे विचारणा करावी.