यांत्रिक घण

आमच्या गावच्या लोहारशाळेत लोहार सांडशीत तापलेले लोखंड धरी व समोरून त्याची कारभारीण घणाचे घाव घाली. गेल्या वर्षी तिचा खांदा निकामी झाला, तेव्हा मुलाने कर्ज काढून विजेवर चालणारा घण आणिला.

या यंत्राचा एक पूर्वज म्हणजे जेम्स नॅस्मिथ या स्कॉटिश यंत्रज्ञाचा वाफेचा घण. 'ग्रेट ब्रिटन' आगबोटीच्या चाकांचा अजस्र आस घडविता येईना, म्हणून १८३९ साली त्याने त्याचा आराखडा काढिला. पुढे त्या आगबोटीस चाकांऐवजी मळसूत्री पंखा बसला, ही मौज निराळी! मात्र त्या घणाचे खरे कौतुक बळाचे नसून संयमाचे होते. पेल्यातील अंडे फोडावे, पण पेल्यास तडा जाऊ नये, असा प्रयोग करून दाखवीत.

या लहान घणाचेही तसेच. पायाखालची कळ हळू दाबिली की घाव हलका, जोराने दाबिली की भराभर. पण लोखंड निवल्यावरही ठोकीत राहिल्यास पाते चिरते आणि सांडशीची पकड ढिली पडल्यास तापला तुकडा अंगावर उडतो. खालची ऐरण घणाच्या कितीतरी पट जड व पाया भक्कम हवा; एरवी शेजाऱ्याच्या भिंती हादरतात. आमच्या शेजारच्या गृहस्थांची तक्रार तीच आहे.

बाई अद्यापि दुकानी येऊन बसते. मुलाचा पाय कळीवर असतो, तिची नजर लोखंडाच्या रंगावर. आणि "पुरे" हा शब्द तीच उच्चारते.